थोरली नांद

नागूच्या तोंडून पहिला हंबरडा फुटायच्या आतच सासूचा निळा तळवा तिच्या तोंडावर बसला.

“हितं न्हाय,” बायाक्का म्हणाली. “हितं न्हाय, पोरी. थोरली ऐकतीया. रडायचं असंल तर नाल्यापल्याड जाऊन रड.”

आणि बायाक्काच्या स्वतःच्या डोळ्यांना धार लागली होती, बरं का! पाणी हनुवटीवरून लुगड्यावर ठिबकत होतं, पण घशातून आवाज म्हणून नाही. भरमू काय तिचा नातू नव्हता? कालच दुपारी पोर गेलं होतं. अजून बोबडं बोलणारं लेकरू. जांघेत गाठ आली, ताप चढला आणि बघता बघता खेळ आटोपला. तम्मण्णा, म्हणजे नागूचा नवरा, त्याला धडप्यात गुंडाळून नाल्यापलीकडच्या जमिनीच्या पट्टीत पुरून आला होता. आणि आज ह्या सासूसुना ओस पडलेल्या शहापुरातून चालत कुलूप घातलेल्या घरी आल्या होत्या. कशाला? तर नांदेला जेवू घालायला.

प्लेगाचे दिवस होते ते. उंदीर पडायला लागले की घर सोडायचं आणि माळावर झोपडी घालून राहायचं, हे एव्हाना सगळ्या बेळगावाला पाठ झालं होतं. विणकरांनी मागांवर चादरी टाकल्या आणि खुशाल निघून गेले. माग काय, महिना दोन महिने थांबला म्हणून मरत नाही. सूत निळं रंगवणाऱ्या ह्या निळाऱ्याच्या घरचं तसं नव्हतं. त्यांच्या मागच्या पडवीत जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली एक मोठी मातीची नांद होती, आणि तिच्यातलं निळीचं पाणी जिवंत होतं.

जिवंत म्हणजे अगदी जिवंत. निळीच्या वड्या नुसत्या पाण्यात कालवल्या तर सुताला रंग चढत नाही, धुतला की जातो. त्या पाण्याला आंबवावं लागतं. त्यात चुना घालायचा, गूळ घालायचा, टाकळ्याचं बी शिजवून घालायचं, सकाळ संध्याकाळ काठीनं ढवळायचं, थंडीत भोवती भाताचा तूस पेटवून ऊब द्यायची. मग पाणी हिरवट पिवळं होतं, वर तांबूस साय धरते, निळा फेस येतो. त्यात बुडवलेली सुताची लड पिवळी निघते आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळी होते. एकदा असं पाणी लागलं की ते मोडायचं नाही. जुन्या गाळाचं विरजण नव्या पाण्याला, असं चालत राहायचं. ही नांद बायाक्काच्या सासूच्याही सासूनं लावलेली. घरात तिला नांद कुणी म्हणतच नसे. थोरली म्हणत. थोरलीला भूक लागली, थोरली रुसली, थोरलीचं आज चित्त नाही.

आणि थोरलीचे नखरे काय थोडे! तिच्याजवळ भांडायचं नाही. मेल्या माणसाचं नाव काढायचं नाही. आणि रडायचं तर मुळीच नाही. घरात रडणं ऐकलं की थोरली जीव सोडते, असं ह्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. सुतकात नांदेला शिवू नये म्हणावं तर ती उपाशी मरणार. म्हणून निळाऱ्यांनी आपल्यापुरती एक वाट काढली होती. थोरलीला सुतक कळूच द्यायचं नाही.

“डोळं पूस,” बायाक्कानं सांगितलं. “कुकू नीट कर. आन ढवळताना रोज म्हनतीस तसं कायतरी गुनगुन.”

नागूनं डोळे पुसले. कुंकू नीट केलं. नांदेच्या काठावर भरमूची करवंटी तशीच पडली होती, परवा तो त्याच करवंटीनं नांदेचं झाकण बडवत बसला होता. ती करवंटी तिनं कमरेला खोवली, काठी उचलली आणि ढवळता ढवळता गुणगुणायला लागली. पोटचं पोर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी! दगडालाही पाझर फुटावा, पण तिथं बघायला दगडच होते.

भरमूला खरं तर झोपडीतच ठेवायचं ठरलं होतं. पण ते आईवाचून क्षणभर राहीना, लोळण घेई, नाल्यापर्यंत मागं पळत येई. मग नागूनं म्हटलं, चल बाबा, आजच्या दिवस. असे बरेच आजचे दिवस झाले. घरात कुठल्या सांदीत उंदीर मरून पडला होता कुणास ठाऊक. नागूला एवढंच कळत होतं की ती नांदेसाठी घरात आली, पोर तिच्यासाठी आलं, आणि आता नांद आहे नि पोर नाही. तिला त्या नांदेचा मनस्वी राग आला होता.

थोड्या दिवसांनी घरं धुवायला सरकारी माणसं आली. सोबत एक कंपाउंडर होता, दमलेला, डोळे सुजलेला. माणसं भिंतींवर औषध मारत सुटली आणि एकानं बादली थेट नांदेवर धरली.

बायाक्का नांदेवर आडवी पडली. “माज्यावर वता आधी!”

“आजी, हे पाणी सडलंय,” कंपाउंडर म्हणाला. “वास येतोय बघा. ह्यात जंतू असणार.”

“सडल्यालं न्हाय, आंबल्यालं हाय. तुमच्या घरचं दही काय नासकं दूध म्हनून टाकून देतासा काय?”

तो माणूस हसला. त्या दिवसांत हसणारं माणूस दिसणंही दुर्मीळ होतं. त्यानं बादली खाली ठेवायला सांगितली. “दहीसुद्धा जंतूच लावतात, आजी. आमचे डॉक्टरसाहेब सांगतात. आंबोळीचं पीठ फुगतं तेही त्यांच्यामुळंच. डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच. तुमच्या ह्या नांदेत ते खंडीनं असतील.”

नागू दाराशी उभी होती. कितीतरी दिवसांत तिनं तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, “आन मातीत?”

“मातीत? मातीत तर मुठीमुठीला, बाई. गळलेलं पान म्हणा, मेलेलं जनावर म्हणा, सगळं तेच खातात. काही खत होऊन मुळांना मिळतं, काही वाफ होऊन हवेत जातं, आणि ती हवा पुन्हा झाडाचं पान ओढून घेतं. ते नसते तर मेलेलं सगळं जसंच्या तसं पडून राहिलं असतं. पाय ठेवायला जागा नसती पृथ्वीवर.”

“आन पोर न्हेलं ते?”

कंपाउंडरची मान खाली गेली. “तेही जंतूच. पण ते वेगळे, बाई.” मग अवघडून त्यानं विचारलं, “केवढा होता?”

बायाक्कानं ओठांवर बोट ठेवलं आणि नांदेकडं डोळ्यांनी खूण केली. त्याला काय कळलं देव जाणे, पण तो गप्प झाला. नांद तेवढी झाकून ठेवून बाकी घर धुऊन तो निघून गेला.

दसऱ्यानंतर नागूचा भाऊ परशराम निपाणीहून बैलगाडी घेऊन आला. “चल माहेराला,” म्हणाला. “तितं नांद न्हाय न्‌ बिंद न्हाय. गळा काढून रड चार दिस.” बायाक्कानंही जा म्हटलं. सुनेचं दुःख तुंबलंय हे काय तिला दिसत नव्हतं?

निपाणीत परशराम तंबाखूच्या वखारीत कामाला होता. घरात, अंगणात, कपड्यांत, सगळीकडं तंबाखूचा उग्र दर्प. नागू आली म्हटल्यावर भावकीच्या बायका भेटायला आल्या. आपल्याकडची रीतच आहे, दुःखाचं माणूस दिसलं की बायका गळ्यात पडतात आणि सूर धरून रडतात, मेल्याचे गुण गातात, त्यातून आतलं मोकळं होतं. एकेक बाई येऊन नागूच्या गळ्यात पडली, “माज्या राजसा रंऽ” म्हणून तिनं सूर काढला, आणि नागू खांबासारखी बसून राहिली. तंबाखूच्या भुकटीनं साऱ्या घराच्या डोळ्यांना पाणी होतं, हिच्याच डोळ्यांना नव्हतं.

“बाई हाय का धोंडा?” ओट्यावर कुणीतरी बोललंच. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

नागूला रडायचं नव्हतं असं नाही हो. रडं अगदी गळ्यापर्यंत यायचं. पण तिथं आलं की तोंडावर तो निळा तळवा बसायचा. बायाक्का वीस कोसांवर शहापुरात होती आणि तळवा मात्र इथं होता. नागू ठरलेल्या दिवसांच्या आधीच परत आली.

प्लेग ओसरला, माणसं घरी आली, माग पुन्हा खडखडू लागले. थोरलीचं मात्र काही खरं नव्हतं. फेस धरेना, वरची साय फाटायची, सूत बुडवावं तर मळकट निघायचं. मेली नव्हती, पण जगतही नव्हती. तम्मण्णा रोज सकाळी बोट बुडवून जिभेला लावायचा आणि मान हलवायचा. तो मुळातच अबोल. पोर पुरून आल्यापासून त्याचं बोलणं नांदेपुरतंच उरलं होतं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी तो सूत आणायला खडेबाजारात गेला, बायाक्का देवळात गेली आणि नागू पडवीत नांदेसमोर जाऊन बसली. आज सोक्षमोक्ष लावायचाच असं तिनं ठरवलं होतं. रडण्यानं मरते ना? मग मर. तिनं झाकण काढलं, काठावर दोन्ही हात टेकले आणि तोंड पाण्यापाशी नेलं. कमरेची करवंटी काढून समोर ठेवली. भरमूची शेवटची हाक आठवली. आई गं, तांब्या दे, म्हणाला होता.

रडू येईना. घसा कोरडाठाक. नुसतं खोकल्यासारखं काहीतरी आलं. खाली पाण्यात तिचाच चेहरा दिसत होता आणि त्यातून एक बुडबुडा वर आला, फुटला, थोड्या वेळानं दुसरा आला. आजारी लेकराचा श्वास मोजत बसावं तशी ती त्या बुडबुड्यांकडं बघत राहिली. मग झाकण ठेवलं, उठली आणि तूस पेटवला. रागावलेल्या आईला तरी पोर थंडीत कुठं ठेववतं? आणि राग नेमका कुणावर होता, हेही तिला त्या क्षणी धड सांगता आलं नसतं.

पुढचा पाऊस आला. नाल्यापलीकडची ती पट्टी निळाऱ्यांची स्वतःची होती. पीकबिक काही नाही. दर साली नांदेच्या तळचा जास्तीचा गाळ, शिजलेल्या बियांचा चोथा, राख, सगळं तिथं नेऊन टाकायचं. आजूबाजूचा सगळा माळ तांबडा, मुरमाड, आणि ही एवढीच पट्टी काळी आणि भुसभुशीत. त्यात पावसाळ्यात टाकळा असा माजायचा की माणूस गुडघ्यापर्यंत बुडावा. त्या साली एका जागी तो कमरेएवढा झाला होता. तिथं खाली एक दगड होता, पोर पुरल्यावर तम्मण्णानं ठेवलेला.

बायाक्का म्हातारी झालेली, नजर अधू. आषाढात ती पदरभर कोवळा टाकळा खुडून आली, लसूण घालून भाजी केली आणि सुनेच्या ताटात वाढली.

“कुटनं आनलासा?” नागूनं विचारलं.

“पट्टीतनं. लई दाट आलाय औंदा.”

नागूनं ताट पुढं सरकवलं. भाकरी तेवढी पाण्यात बुडवून खाल्ली. बायाक्का बघत राहिली, आणि मग आपण कुठल्या जागेवरचा टाकळा खुडला ते तिच्या ध्यानात आलं. म्हातारीच्या हातातला घास गळून पडला. तिनं भाजीचं पातेलं उचललं, पट्टीत नेऊन त्याच जागेवर हातानं माती उकरून भाजी पुरली आणि घरी येऊन अंघोळ केली. त्यानंतर त्या पट्टीतलं पान तिनं खुडलं नाही.

पण नागूच्या डोक्यात कंपाउंडरचं बोलणं फिरायला लागलं होतं. काही मुळांना मिळतं, काही हवेत जातं, ती हवा पुन्हा पान ओढून घेतं. म्हणजे गेलं म्हणतो ते जातं कुठं? दिवाळी झाली, टाकळ्याच्या शेंगा वाळल्या. दर साली नांदेसाठी बी माळावरून कुठूनही गोळा करायचं. त्या साली नागू सूप घेऊन नाला ओलांडून गेली आणि दगडाभोवतीच्या शेंगा तेवढ्या खुडू लागली.

तेवढ्यात मागं पावलं वाजली. तम्मण्णा होता. बायको कुठल्या झाडांच्या शेंगा खुडतेय ते त्यानं पाहिलं. ती थांबली. आता हा ओरडणार, असं तिला वाटलं. तो वाकला, सूप दोन्ही हातांनी धरलं आणि उभा राहिला. तिनं शेंगा सोलून बी त्यात टाकलं.

ते बी नागूनं स्वतः शिजवलं, गार केलं आणि नांदेत ओतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर काय! थोरलीवर मुठीएवढा निळा फेस फुगून आला होता, साय तांब्याच्या परातीसारखी लखलखत होती, आणि वास असा गोडसर, ओला. आता कुणी म्हणेल, बी ताजं होतं, चिकट होतं, वर्षभराची उपासमार होती, फेस येणारच. म्हणोत बापडे. नागू नांदेपाशी खाली बसली आणि फेसाला बोट लावून हलकेच म्हणाली, “आलास व्हय रं?”

त्या दिवसापासून नागू नांदेची झाली. थंडीत स्वतःचं घोंगडं तिच्यावर घाली, गुळाचा खडा आधी नांदेत, मग चहात. दर साली पट्टीतलं बी नांदेत जाई आणि नांदेचा गाळ पट्टीत जाई, तो गाळ खाऊन टाकळा पुन्हा उभा राही. मधल्या मध्ये शहापूरची सुतं निळी होत. त्या सुताची लुगडी कुठं कुठं गेली असतील, कुठल्या कुठल्या बाईनं त्यात आपलं लेकरू गुंडाळलं असेल, ह्याचा विचार नागू ढवळताना करायची आणि तिला बरं वाटायचं. हात कोपरापर्यंत निळे झाले ते कायमचेच. दुसरं मूल झालं नाही. बायाक्का वारली तेव्हा तिलाही घरात कुणी रडलं नाही. भरमूचं नाव तर त्या घरात निघालंच नाही. माणसं म्हणत, नागुबाईसारखी नांदेची माया कुणाला नाही, धंदा असावा तर असा. लोकांना काय, दिसेल ते बोलतात.

मग डबे आले. जर्मनीची निळीची पूड. चुलीवर पाणी तापवा, पूड टाका, वरून ते दुसरं औषध टाका, न्याहारी आटपेपर्यंत रंग तयार. ना आंबवणं, ना रुसणं. सुताचा व्यापारी यल्लाप्पा मनानं चांगला, पण जीभ तिखट. तो दारात उभा राहून म्हणायचा, “तम्मण्णा, बायकोचं नसतील केलंस येवढं लाड त्या नांदेचं करतोस की रं! पावणी हाय का नवरी?” आणि सूत डबेवाल्या रंगाऱ्याकडं घेऊन जायचा. मध्ये ते मोठं युद्ध पेटलं, डबे यायचे बंद झाले, तेव्हा हाच यल्लाप्पा ताकाला येऊन भांडं लपवत ओट्यावर बसला. “थोरली बरी हाय न्हवं?” म्हणून चौकशी करायला लागला. नागूनं त्याला चहा दिला आणि हसली. ती चार सालं थोरलीची भरभराट झाली. पण युद्धं काय कायमची असतात? डबे परत आले आणि ह्या वेळी स्वस्त होऊन आले.

तम्मण्णाचे खांदे गेले होते. ओल्या लडी पिळवत नव्हत्या. गल्लीतून कुणी सूत देईना, वास येतो म्हणून शेजारची नवी माणसं कुरकुर करायला लागली. शेवटी यल्लाप्पाच म्हणाला, “आण्णा, पडवीत माजं दोन माग बसव. तू नि वैनी सुताच्या कांड्या भरा बसून. पन ती नांद बुजवाय लागंल.” वाईट नव्हतं ते बोलणं. त्या वयात दोघांना दुसरं कोण काय देणार होतं?

तम्मण्णानं ते बायकोला सांगायला दोन दिवस लावले. सांगितलं तेव्हा त्याची नजर जमिनीला होती.

“बुजवूया म्हनतोस?”

“आपल्यामागं हाय कोन गं तिला बगनारं?”

नागू उठून नांदेपाशी गेली. एकदा पोर गेलं तेव्हा निदान नांद राहिली होती. आता दुसऱ्यांदा जायचं होतं आणि ह्या वेळी ते तिनंच करायचं होतं.

“गटारीत न्हाय वतायची,” ती म्हणाली.

“मग?”

“पट्टीत. आन मी वतनार.”

ठरल्या दिवशी सकाळपासून दोघं घागरी वाहत होती. हिरवट पाणी भरायचं, गल्लीतून न्यायचं, नाला ओलांडायचा, दगडाभोवती ओतायचं. काळ्या मातीवर पडताना पाणी पिवळसर दिसे, वारा लागला की बघता बघता निळं होई, आणि मग माती ते पिऊन टाके. यल्लाप्पा आपली दोन माणसं देतो म्हणाला होता, नागूनं नको म्हटलं. प्रत्येक खेपेला ती नांदेत वाकून गुणगुणत होती. शेवटपर्यंत थोरलीला काही कळू द्यायचं नव्हतं.

दिवस कलता तळ लागला. गाळ उरला, दाट, निळाकाळा. तम्मण्णानं तांब्या पुढं केला.

“तांब्याभर ऱ्हाऊ दे विरजनाला.”

“कशाला?” नागू म्हणाली. “कुनाच्या हातात देऊन जायाचा?”

त्यानं तांब्या मागं घेतला.

गाळाची पाटी दोघांनी मिळून उचलली. पट्टीत आल्यावर नागू गुडघ्यांवर बसली आणि ओंजळीओंजळीनं तो गाळ दगडाभोवती लिंपत गेली. कमरेची करवंटी काढली. इतकी वर्षं कमरेला राहून ती पार गुळगुळीत झाली होती. ती दगडाशेजारी मातीत दाबली आणि वरून गाळाचा हात फिरवला. मग ती हात मांडीवर ठेवून बसली. काम संपलं होतं.

तम्मण्णा शेजारी उकिडवा बसला होता.

“भरमू,” तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून ते नाव निघालं नव्हतं. एकदा निघालं आणि मग त्याला आवरेना. “माज्या भरम्या रं! माज्या हातानं पुरला गं मी त्याला! मला ठावं हुतं, नागू, तू कुटलं बी घालतीस त्ये, रोज ठावं हुतं! लडी पिळताना माजं हात कापायचं गं!” आणि त्या म्हाताऱ्यानं असा हंबरडा फोडला की नाल्याकाठी चरणारी गाय मान वर करून बघायला लागली.

नागूचा निळा तळवा आपसूक उठला आणि नवऱ्याच्या तोंडावर जाऊन बसला. “हितं न्हाय,” असं तिचे ओठ म्हणालेही.

मग तिनं नाल्याकडं पाहिलं. नाला मागं राहिला होता, आणि नाल्यापल्याड रडायला मनाई नव्हती.

तिनं हात काढून घेतला. तो रडत राहिला, सूर धरून, बायका रडतात तसा. नागूचे डोळे कोरडेच होते. तिनं एक हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि दुसरा ओल्या मातीवर टेकला, आणि सगळं पाणी मुरेपर्यंत तो तसाच टेकून ठेवला.